नेमबाजी प्रश्नोत्तरे: अचूक आणि परवडणारं .२२ पिस्तूल

कोल्हापूरचं नाव जगात रायफलनं नेलं. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत (विश्वविजेतेपद), २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळे (ऑलिंपिक कांस्य). पण या सदराकडे येणारे प्रश्न बघितले तर निम्म्याहून जास्त पिस्तुलाचे असतात. राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणल्याचा तो परिणाम असावा. या अंकात फक्त .२२ (०.२२ इंच व्यासाच्या गोळीचं) पिस्तूल घेऊ.

प्रश्न : वर्षभर दुधाळीच्या रेंजवर क्लबच्या पिस्तुलानं २५ मीटरचा सराव करतोय. प्रिसिजनच्या (सावकाश नेम धरून मारायच्या टप्प्याच्या) ३० गोळ्यांत ३०० पैकी २५५ ते २६२ गुण पडतात. आता स्वतःचं पिस्तूल घ्यायचंय. बजेट बेताचं आहे. सगळ्यात अचूक कुठलं मिळेल? (एक वाचक, कागल)

तुमची सरासरी गोळीमागे साडेआठच्या पुढे-मागे आहे. आता टार्गेट डोळ्यांसमोर आणा. प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिमी व्यासाचं असतं आणि पुढची प्रत्येक रिंग २५ मिमी रुंद. कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं टार्गेट पिस्तूल धड अवस्थेत असेल आणि काडतूस त्याला मानवत असेल, तर टेकवून मारलेल्या दहा गोळ्या २५ मीटरवर २५-३० मिमीत बसतात. म्हणजे नळी दहाच्या आतच आहे, गोळी बाहेर नेतोय तो हात. १५ मिमीचा ग्रुप (एकत्र पडलेल्या गोळ्यांचा पुंजका) देणाऱ्या नळीसाठी दुप्पट पैसे मोजले तरी तुमचे २६० चे २७० होणार नाहीत.

हात गोळी बाहेर नेतो ती जागाही मोजता येते. नळीच्या पुढच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर (साइट रेडियस) २२० मिमी असेल आणि चाप ओढताना माशी खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी ५७ मिमी सरकते. दहा बघत होता, आठ पडला. साइट रेडियस १६० मिमी असेल तर तीच अर्ध्या मिलिमीटरची चूक ७८ मिमी होते आणि गोळी आठच्याही बाहेर जाते. त्यामुळे पैसे लावायचे ते आधी चापावर, मग मुठीवर, मग साइटवर. नळीचा नंबर चौथा.

मापं आधी पाठ करा, नाहीतर पिस्तूल घरी येईल आणि इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्य तपासणीच्या टेबलावर अडकेल. २५ मीटरच्या .२२ साठी रिकाम्या मॅगझिनसह वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, चापाचं वजन कमीत कमी १००० ग्रॅम, नळी १५३ मिमीपर्यंत, साइट रेडियस २२० मिमीपर्यंत, आणि सगळं पिस्तूल ३०० × १५० × ५० मिमीच्या डब्यात मावलं पाहिजे. अमेरिकन पिस्तुलं इथेच फसवतात. रूगरचं मार्क मालिकेतलं ६.८८ इंची किंवा स्मिथ अँड वेसनचं सात इंची मॉडेल ४१ हातात छान बसतं, गोळीही सरळ जाते, पण नळी १७० मिमीच्या पुढे असल्यामुळे स्पर्धेतून बाद. त्यांचीच साडेपाच इंची, म्हणजे १४० मिमीची आवृत्ती चालते.

आता नावं. नवीन आणि पैसा असेल तर पार्दिनी एसपी, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ एडब्ल्यू ९३. यांच्यात उजवं-डावं करण्यात वेळ घालवू नका, तिन्ही तुमच्यापेक्षा बऱ्याच वरच्या दर्जाची आहेत. बजेट बेताचं असेल तर आमचं मत स्पष्ट आहे : चांगल्या हातातून आलेलं जुनं वॉल्थर जीएसपी. १९६८ पासूनचं डिझाइन, चापाचा अख्खा संच वेगळा निघतो, मॅगझिन चापाच्या पुढे असल्यामुळे नळी हाताच्या जवळ खाली बसते आणि झटका कमी उचलतो. हॅमर्ली २०८ चा चाप अजूनही लोण्यासारखा, पण उत्पादन बंद आहे, सुटे भाग शोधत बसावं लागेल. रशियन बायकाल इझ-३५ मिळालं तर किंमतीच्या मानानं फार अचूक. मात्र ते वजनदार, आणि मूठ बहुतेकांना तासून घ्यावी लागते. रूगर आणि ब्राउनिंग बक मार्क दणकट आहेत, पण मुळात चाप स्पर्धेच्या लायकीचा नसतो. तो सुधारण्याचा खर्च धरला की 'स्वस्त' हा शब्द गळून पडतो.

यातल्या कुठल्याही पिस्तुलाला हो म्हणण्याआधी एकच विचारा : याची फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई), एक्स्ट्रॅक्टर (रिकामं टरफल ओढून काढणारं नख) आणि स्प्रिंगा आपल्या भागातल्या कुणाकडे आहेत का? ज्या मॉडेलची आणखी दोन-तीन पिस्तुलं तुमच्या रेंजवर चालतात, ते मॉडेल स्वस्त.

आणि काडतुसांचा हिशेब खरेदीच्या आधी मांडा. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ८० गोळ्या, वर्षाचे ४८ आठवडे म्हणजे ११,५२० काडतुसं. काडतुसामागे एक रुपया वाचला तर वर्षाला साडेअकरा हजार वाचतात. पिस्तूल एकदाच घ्यायचं असतं, काडतुसं रोज.

प्रश्न : जुनं जीएसपी विकायला आहे असं कळलं. बघायला जाताना काय तपासू? (एक वाचक, राजारामपुरी)

वडगावच्या बाजारात बैलाचे दात बघतात, तसं जुन्या पिस्तुलाचं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा बघायची. पण त्याआधी कागद. फ्रेमवरचा नंबर आणि विकणाऱ्याच्या परवान्यातला नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. मग मॅगझिन काढा, बोल्ट (काडतुसामागे मागेपुढे सरकणारा भाग) मागे अडकवा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा आणि शेजारच्यालाही बघायला लावा.

सोबत छोटी बॅटरी आणि घड्याळजीचं भिंग न्या. .२२ च्या रिमफायर काडतुसात पेटणारं रसायन तळाच्या कडेत, रिमच्या पोकळीत भरलेलं असतं. त्यामुळे फायरिंग पिन मधोमध न मारता कडेवर मारते. काडतूस नसताना चाप ओढत राहिलं तर काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथे खाच पडते. खाचेमुळे धातूचा बारीक उंचवटा चेंबरच्या आत येतो आणि रिकामी केस (काडतुसाचं टरफल) त्यावर अडकते. भिंगातून हा काठ स्वच्छ गोल दिसला पाहिजे. हलकी खूण चालेल, नखाला लागणारी खाच नको. परवाना असलेला चांगला कारागीर ती दुरुस्त करतो, पण मग किंमत त्या हिशेबानं ठरवा.

नळीचं पुढचं तोंड तपासायला कापसाची काडी पुरते. काठावरून गोल फिरवा, कुठे तंतू अडकले तर तिथे ठेच लागली आहे. गोळी सुटताना शेवटचा स्पर्श या काठाचा असतो, तो एका बाजूला दुखावला की ग्रुप पसरतो. नंतर बोल्टच्या बाजूला पांढरा कागद धरून पुढून आत बघा. राखाडी डाग शिशाचे असतात, ते निघतात. आत एखादी गडद रिंग दिसली आणि साफ करूनही राहिली, तर नळी फुगलेली आहे. आधीची गोळी नळीत अडकलेली असताना दुसरी मारल्यावर असं होतं. असं पिस्तूल तिथेच ठेवून उठा.

फ्रेमची तडे-तपासणी उद्यमनगरात ओतकाम तपासतात तशीच करायची. बोल्ट मागे येऊन जिथे थडकतो त्या भागावर पातळ तेल लावा, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसून काढा, वरून टाल्कम पावडर भुरभुरा. चीर असेल तर आतलं तेल बाहेर झिरपतं आणि पावडरीवर काळपट रेघ उमटते. टार्गेट पिस्तुलाचे बोल्ट आणि स्प्रिंगा स्टँडर्ड व्हेलॉसिटी (साध्या वेगाच्या) काडतुसासाठी बनवलेल्या असतात. कुणी हौसेनं हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाचं) मारत राहिला असेल तर ते इथे दिसतं. बोल्टमागची गादी, म्हणजे बफरही बघा. ती चेपलेली असेल तर बदलायची वस्तू आहे, घाबरायचं कारण नाही.

चापाला १००० ग्रॅमचं वजन लावून दहा वेळा बघा. नऊदा उचललं आणि एकदा सुटलं तरी ते पिस्तूल नापासच समजा. मालकाची परवानगी घेऊन रेंजवर १०० गोळ्या मारा. पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच, मग दोनच काडतुसं भरा. एका दाबात दोन गोळ्या सुटल्या तर कुणीतरी सिअर (चाप ओढेपर्यंत घोडा अडवून धरणारा खटका) घासून चाप 'मऊ' केला आहे. हा दोष स्वस्तात निघत नाही आणि शेजारच्या लेनला धोकादायक असतो.

मॅगझिनं किती आहेत तेही विचारा. एकच असेल तर किंमत पाडून मागा. मॅगझिनचे ओठ वाकले की पिस्तूल कितीही चांगलं असलं तरी काडतूस तिरपं चढतं.

प्रश्न : माझं पिस्तूल दर ३०-४० गोळ्यांनी अडकतं. विकणारा म्हणतो काडतूस खराब, काडतूसवाला म्हणतो पिस्तूल खराब. (एक वाचक, इचलकरंजी)

कसं अडकतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं उत्तर त्यातच असतं. पुढच्या वेळी अडकल्यावर लगेच झटकू नका. नळी टार्गेटकडेच ठेवा, बोट चापावरून काढा आणि काय दिसतंय ते बघा.

रिकामी केस उभी राहून बोल्टमध्ये चेमटली असेल तर बोल्ट पुरता मागे गेला नाही. कारणं क्रमानं : काडतूस कमजोर, बोल्टच्या वाटेत मेणकट काजळी, किंवा तुमचं मनगट सैल. केस चेंबरमध्येच राहिली असेल तर चेंबर घाण आहे किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली कचरा बसलाय. .२२ च्या गोळीवर मेण किंवा ग्रीस असतं, शिसं उघडं असतं, त्यामुळे चेंबरच्या तोंडाशी कडक थर जमतो. दर ३००-५०० गोळ्यांनी चेंबर ब्रशनं साफ करा. नळी मात्र उगाच घासू नका. हजारभर गोळ्यांनी फेल्टचा तुकडा मागून पुढे ओढला की पुरे. पुढच्या तोंडातून सळई घालणाऱ्यांनी काडतुसापेक्षा जास्त नळ्या बिघडवल्या आहेत.

नवं काडतूस तिरपं अडकून गोळीचं नाक चेपलं असेल तर मॅगझिन. मॅगझिनांना रंगानं १, २, ३ असे नंबर घाला आणि कुठलं अडकतं याची वहीत नोंद ठेवा. दोन आठवड्यांत चोर सापडतो.

चाप ओढला आणि आवाजच आला नाही, तर नळी टार्गेटकडे धरून निदान ३० सेकंद थांबा. मग काडतूस काढून रिमवरची खूण बघा. खूण उथळ असेल तर पिनची स्प्रिंग थकलीय किंवा पिनच्या वाटेत तेल घट्ट झालंय. खूण खोल असूनही पेटलं नाही, तर रिममध्ये त्या जागी रसायन पसरलेलंच नव्हतं. दोष काडतुसाचा. आणि आवाज 'फुस्स' झाला, टार्गेटवर भोक नाही, तर तिथेच थांबायचं. नळी आरपार दिसल्याशिवाय पुढची गोळी नाही.

काडतूस निवडताना तीन वेगवेगळ्या प्रकारांचा प्रत्येकी ५० चा एकेक डबा घ्या. एसके, एली, सीसीआय स्टँडर्ड, देशी, जे मिळेल ते. मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवा, नळी पिशवीला लागू देऊ नका. प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप मारा. पहिल्या दहा गोळ्या मोजू नका, आधीच्या काडतुसाचं मेण नळीतून जायला तेवढ्या लागतात. ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम) गोळी आणि सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास वेग हे आपलं काडतूस. ३८० मीटरवालं पिस्तुलाला हादरे देतं आणि टार्गेटवर काही जास्तीचं देत नाही. ज्याचे चारही ग्रुप ३० मिमीच्या आत, आणि एकदाही अडकलं नाही, त्यातलं सगळ्यात स्वस्त घ्या. घेताना एकाच लॉट नंबरचं, परवान्यावर मर्यादा असेल तितकं.

प्रश्न : माझा हात लहान आहे. मध्यम मापाच्या मुठीत बोट चापावर नीट पोचत नाही. (एक वाचक, गडहिंग्लज)

आधी चापाचं पातं मागे सरकवा, बहुतेक टार्गेट पिस्तुलांत ते सरकतं. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग पात्यावर यावा, आणि बोटाची बाकी बाजू लाकडाला लागू नये. लागली तर दाब तिरका जातो आणि गोळ्या उजव्या हातवाल्याच्या डावीकडे पडतात. तरीही पोचत नसेल तर अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात येणारं लाकूड तासा, एका वेळी एक मिलिमीटर. दर वेळी डोळे मिटून हात उचला, उघडल्यावर माशी खाचेत मधोमध दिसली पाहिजे. जास्त तासलं गेलं तर सुताराची लांबी (पुट्टी) किंवा एम-सील भरून पुन्हा पॉलिश पेपर मारा. तळहाताखालची फळी घट्ट आवळू नका. आणि मुठीचा कुठलाही भाग मनगटाला वेढणारा नको, तो नियमात बसत नाही.

प्रश्न : वय ५२. माशी पुसट दिसते. पिस्तुलाची साइट बदलू का? (एक वाचक, ताराबाई पार्क)

साइट नको, चष्मा. माशी डोळ्यापासून साधारण ८०-९० सेंटिमीटरवर असते. लांबच्या नंबरात अधिक अर्धा किंवा अधिक पाऊण घालून फक्त नेमाच्या डोळ्याची काच करून घ्या. माशी काळी कुळकुळीत दिसेल, टार्गेट धुरकट दिसेल. तसंच दिसायला हवं.

प्रश्न : इशापूरच्या सरकारी कारखान्याचं .२२ रिव्हॉल्व्हर स्वस्त पडेल असं एक जण म्हणाले. त्यानं स्पर्धा खेळता येईल का? (एक वाचक, गारगोटी)

ते खिशात ठेवायचं शस्त्र आहे. आखूड नळी, न हलणारी साइट, जड चाप. नाही.

प्रश्न : .२२ साठी परवाना कुठे, आणि जुनं पिस्तूल नावावर करायला किती वेळ? (दोन वाचकांचा एकच प्रश्न)

.२२ पिस्तूल हे अग्निशस्त्र आहे, परवान्याशिवाय घरात आणता येत नाही. ४.५ मिमीचं १० मीटरवालं एअर पिस्तूल वेगळं, दोघांची गल्लत करू नका. आपल्या जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, त्यावर पोलीस अधीक्षक कार्यालयाचा अहवाल लागतो. सर्वसाधारण परवान्याला वय २१ पूर्ण हवं. त्याखालच्यांनी क्लबचं पिस्तूल प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वापरायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षं आहे आणि सामान्य माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. नेमबाजांसाठीच्या सवलती वेगळ्या अधिसूचनेत आहेत, त्यासाठी संघटनेची सदस्यता आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं फाइलला लावा. जुनं पिस्तूल घेताना विकणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवल्यापासून ४५ दिवस जावे लागतात. 'आधी घेऊन जा, कागद नंतर बघू' म्हणणाऱ्याकडून चहासुद्धा घेऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात पिस्तुलावर तांबूस ठिपके येतात. (एक वाचक, राधानगरी)

ज्या फोमच्या पेटीत ते आलं त्याच पेटीत ठेवत असाल. फोम ओल धरतो. जून ते सप्टेंबर पिस्तूल पेटीबाहेर, कुलपाच्या लोखंडी कपाटात, तेलाच्या सुती फडक्यात ठेवा आणि शेजारी सिलिका जेल. रेंजवरून आल्यावर घामाचा हात लागलेली जागा, म्हणजे बोल्टच्या बाजू आणि नळीचं वरचं अंग, त्याच दिवशी पुसा. तेल शिलाई मशीनचं हलकं चालतं. थेंबभरच. जास्त झालं तर काजळी धरून चिकट होतं आणि मग वर इचलकरंजीकरांनी विचारलेला प्रश्न तुम्ही विचाराल.

प्रश्न : चापाचं वजन तपासायला १ किलोचं वजन घरी करता येईल का? स्पर्धेत दोनदा ९८० ग्रॅमला सुटलं. (एक वाचक, शिवाजी पेठ)

येईल. उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडून माइल्ड स्टीलचा ५० मिमी व्यासाचा गोल तुकडा ६३ मिमी लांब कापून घ्या. तो ९७० ग्रॅमच्या आसपास भरेल. वर आकडा बसवा, आकड्याला रोलर किंवा बेअरिंग नको, साधी धातूची धार हवी. मग गुजरीत एखाद्या सराफाच्या किलोभर पेलणाऱ्या काट्यावर ठेवून आकड्यासकट बरोबर १००० ग्रॅम करा. जास्त भरलं तर बुडाला भोक पाडून कमी करायचं, कमी भरलं तर वॉशर. शिवाय २० ग्रॅमचा एक सुटा वॉशर करून घ्या. पिस्तूल रिकामं करा, नळी आभाळाकडे सरळ उभी धरा, वजन पात्याच्या मधोमध अडकवून टेबलावरून हळू उचला. सरावात वॉशरसह १०२० ग्रॅम उचललं गेलं पाहिजे, कारण थंडीत, तेल बदलल्यावर किंवा स्क्रू थोडा ढिला झाल्यावर दहा-पंधरा ग्रॅम इकडेतिकडे होतात. दोन टप्प्यांचा चाप असेल तर पहिल्या टप्प्यात साधारण ७५० आणि उरलेलं दुसऱ्यात ठेवा. सेटिंगच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावला की हलला-न हलला लगेच कळतं.

लेथवाल्याला काम द्यायचं ते एवढंच. शस्त्राचा भाग बनवायला आणि दुरुस्त करायला कायद्यानं वेगळा परवाना लागतो, त्यामुळे पिस्तूल घेऊन त्याच्या दुकानात जाऊ नका. वजन आणायला जाल तेव्हा पिस्तूल घरीच राहू द्या.